बाक आलेली फिल्म आणि स्लाइड: स्कॅन करताना कडेपर्यंत फोकस कसा राखायचा

१९७६ सालची एक स्लाइड आहे, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली पारदर्शक फिल्म. वाड्याच्या पायऱ्यांवर बसलेली-उभी चौदा माणसं, मधोमध आजी. स्कॅन करून पडद्यावर मोठी केली, तर आजीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. पण डाव्या टोकाला उभी असलेली आत्या काही ओळखू येईना. आधी वाटलं, ती हलली असेल. मग मूळ स्लाइड लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली. आत्या व्यवस्थित होती, साडीच्या काठावरची नक्षीसुद्धा दिसत होती. म्हणजे फोटो काढणाऱ्या काकांची चूक नव्हती, माझी होती. ऑटोफोकसवर सोडून मी मोकळा झालो होतो. स्कॅनरने इमानेइतबारे फ्रेमच्या मध्यावर फोकस केला होता, आणि स्लाइड नेमकी मध्यावर फुगलेली होती. तोवर अशा चारशे स्लाइड उरकून झाल्या होत्या.

त्या पुन्हा करताना जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: प्रत्येक फ्रेम काचेत दाबायची गरज नसते. निम्म्याहून जास्त फ्रेमचं काम फोकसची जागा बदलून होतं. काच लावणं, माउंट (स्लाइडची चौकट) फोडणं, पाच-पाच फोटो एकत्र जोडणं हे उपाय मोजक्या फ्रेमसाठी राखून ठेवायचे. सुरुवातच काचेने केलीत तर सगळे रविवार धूळ झटकण्यात जातील.

फिल्म वाकते कशी

३५ मिमी फिल्म म्हणजे साधारण ०.१३ मिमी जाडीचा ॲसिटेटचा पट्टा, त्याच्या एका बाजूला जिलेटिनचा पातळ थर. त्या थराला आपण इमल्शन म्हणतो आणि चित्र त्यातच असतं. जिलेटिन हवेतली ओल पटकन घेतं आणि पटकन सोडतं. ॲसिटेट त्या मानाने मंद. हवा कोरडी झाली की जिलेटिन आक्रसतं आणि पट्ट्याला आपल्याकडे ओढतं. त्यामुळे इमल्शनची बाजू खोलगट होते आणि पाठीची चकचकीत बाजू फुगते. हे लक्षात ठेवा, पुढे काच कुठल्या बाजूला लावायची ते यावरूनच ठरणार आहे.

बाक दोन तऱ्हेचा असतो. रोल वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवला की लांबीत बाक बसतो, कॅलेंडर गुंडाळून ठेवल्यावर बसतो तसा. दुसरा रुंदीतला, म्हणजे पट्टी पन्हळीसारखी होते. १२० या रुंद फिल्मच्या बहुतेक रोलला मागच्या बाजूनेही जिलेटिनचा थर देतात, तो हा दुसरा बाक तोलायला. स्लाइडची गत निराळी: पुठ्ठ्याच्या माउंटने तिला चारही कडांनी धरलेलं असतं, सरकायला जागा नसते, म्हणून ती मध्यावर कढईच्या बुडासारखी फुगते.

आपल्याकडे हा फरक ऋतूंप्रमाणे डोळ्यांना दिसतो. एप्रिलमध्ये पुण्यात किंवा नागपुरात जी पट्टी नळीसारखी वळते, तीच जुलैत निमूटपणे सपाट पडून राहते. म्हणून पावसाळ्यात स्कॅन करायचा मोह होतो. मी केलंही आहे. पण ओलसर जिलेटिन चिकट होतं आणि बुरशीलाही तेच आवडतं. त्यामानाने पाऊस ओसरल्यानंतरचे, दसऱ्याच्या आसपासचे दिवस बरे.

आता एक शंका हमखास येते: घरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने याच स्लाइड दाखवायचो, तेव्हा तर सगळं कडेपर्यंत छान दिसायचं! त्याचं कारण असं, की स्लाइड फुगणार हे प्रोजेक्टर बनवणारे गृहीत धरूनच चालायचे. पुठ्ठ्याच्या माउंटसाठी मुद्दाम वक्र क्षेत्राच्या लेन्स मिळायच्या. कोडॅकच्या होत्या, लाइट्झच्या कलरप्लान लेन्सवर त्यासाठी 'सीएफ' अशी खूण असायची. स्लाइडच्या बाकाला लेन्सचा बाक जुळायचा. स्कॅनरची लेन्स आणि कॅमेऱ्याची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स मात्र सपाट वस्तूसाठी बनवलेली असते, ती असं काही सांभाळून घेत नाही.

किती बाक चालतो

आकडे एकदा मांडून बघितले की धास्ती कमी होते. स्कॅनरऐवजी उजेडाच्या पॅनेलवर स्लाइड ठेवून कॅमेऱ्यानेही स्कॅन करता येतो, त्याचाच हिशोब घेऊ. फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घेऊन १:१ प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर स्लाइडच्याच आकाराचं चित्र पडेल असा, फोटो काढायचा आहे असं धरू. रुंदीत ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.००६ मिमीचा आणि स्कॅन सुमारे ४२०० डीपीआयचा. १:१ ला फोकसची खोली काढायचं सूत्र सोपं आहे: ४ × ॲपर्चर × चालणारा धूसरपणा. एफ ८ ला धूसरपणा एका पिक्सेलपुरता ठेवायचा तर ४ × ८ × ०.००६, म्हणजे जेमतेम ०.१९ मिमी. झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवले की एवढी जाडी होते. दोन पिक्सेलचा धूसरपणा चालवून घेतला तर ०.३८ मिमी.

आणि स्लाइड किती फुगलेली असते? कॅमेऱ्याखाली बारीक स्क्रूची फोकसिंग रेल असेल तर हे घरी मोजता येतं. मध्यावर फोकस करा, रेलवरचा आकडा लिहा. कोपऱ्यावर फोकस करा, आकडा लिहा. वजाबाकी म्हणजे बाक. माझ्याकडच्या पुठ्ठ्याच्या माउंटमधल्या स्लाइड ०.३ ते ०.६ मिमीमध्ये निघाल्या. दोन-चार दांडग्या निघाल्या, पाऊण मिमीच्या वर.

मग एफ १६ का नाही लावायचं? लावून बघा. १:१ ला लेन्सचं प्रत्यक्ष ॲपर्चर लिहिलेल्याच्या दुप्पट धरायचं असतं. एफ ८ म्हणजे तिथे एफ १६, आणि एफ १६ म्हणजे एफ ३२. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, सगळी फ्रेमच सारखी मऊ होते. कडा आणि मध्य एकसारखे दिसतात खरे, पण दोन्हीकडचा ग्रेन, म्हणजे चित्र ज्यांचं बनतं ते इमल्शनमधले बारीक कण, गेलेला असतो. मी एफ ८ वर राहतो, अडल्यास एफ ११.

आधी खात्री करा की दोष फिल्मचाच आहे

ही पायरी गाळून लोक थेट काच विकत घेतात. कॅमेरा किंचित तिरका असला, तरी फ्रेमची एक बाजू धूसर येते. ते बाकाचं लक्षण नाही.

चाचणी अशी करा. फ्रेम स्कॅन करा. मग तीच फ्रेम होल्डरमध्ये १८० अंशात फिरवून, म्हणजे डावी बाजू उजवीकडे नेऊन, पुन्हा स्कॅन करा. धूसर जागा फिल्मबरोबर फिरली तर दोष फिल्मचा. जिथल्या तिथे राहिली तर दोष यंत्राचा: कॅमेरा तिरका आहे, होल्डर नीट बसलेला नाही, नाहीतर लेन्सच एका बाजूला कमजोर आहे. मध्य स्वच्छ आणि चारही कोपरे सारखेच धूसर असतील, तर बाकही असू शकतो आणि लेन्सचं स्वतःचं वक्र क्षेत्रही. तो घोळ सोडवायला एक पक्की सपाट फ्रेम हाताशी हवी.

माझ्याकडे अशी एक आहे: बारीक पण स्पष्ट ग्रेनची काळीपांढरी निगेटिव्ह, काचेच्या माउंटमध्ये कायमची बंद केलेली. कामाला बसताना पहिला स्कॅन तिचा. तिचे कोपरे स्वच्छ आले की यंत्र ठीक. नाही आले तर त्या दिवशी फिल्मला हात लावायच्या आधी कॅमेरा सरळ करायचा. त्यासाठी फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवतात. लेन्समधून बघताना लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यभागी, गोलात गोल, असं दिसेपर्यंत कॅमेरा हलवायचा. स्पिरिट लेव्हलपेक्षा हे खात्रीचं, कारण टेबलच उतरतं असलं तरी फरक पडत नाही.

आणि फोकस तपासताना चित्रातल्या माणसांकडे बघू नका. काकांचा कॅमेराच कुठेतरी फोकस चुकलेला असू शकतो. ग्रेनकडे बघा. चित्र धूसर असलं तरी ग्रेन धूसर नसतो. तो फिल्मच्या पृष्ठावर असतो आणि आपल्याला त्याच पृष्ठावर फोकस करायचा आहे. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करून ग्रेन टोकदार होईपर्यंत रिंग फिरवा.

फोकस कुठे करायचा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि खर्च शून्य.

कढईच्या आकाराची फ्रेम डोळ्यासमोर आणा. मध्यावर फोकस केला तर सगळी चूक कोपऱ्यांच्या वाट्याला येते, ०.४ मिमीचा बाक असेल तर कोपरे ०.४ मिमीने हुकतात. त्याऐवजी फोकस उतारावर, उंचीच्या निम्म्यावर केला तर मध्य ०.२ मिमी एका बाजूला आणि कोपरे ०.२ मिमी दुसऱ्या बाजूला. वरच्या हिशोबाने हे दोन पिक्सेलच्या मर्यादेच्या काठावर येतं. एरवी चार पिक्सेलने पुसट होणारे कोपरे दोनवर आले.

ही निम्म्या उंचीची जागा मध्यापासून कोपऱ्याच्या निम्म्या अंतरावर नसते, कारण कढईचं बूड मध्याशी सपाट आणि कडेला तीव्र असतं. ती साधारण सत्तर टक्क्यांवर येते. ३६ × २४ मिमीच्या फ्रेममध्ये मध्यापासून कोपरा २१.६ मिमी लांब. म्हणजे आपली जागा मध्यापासून कोपऱ्याच्या दिशेने सुमारे १५ मिमी. डोळ्याने 'दोन-तृतीयांशाच्या जरा पुढे' धरलं तरी पुष्कळ झालं.

निकॉनच्या कूलस्कॅनसारख्या स्वतः फोकस करणाऱ्या स्कॅनरमध्ये फोकसचा बिंदू हवा तिथे नेता येतो, निकॉनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही आणि व्ह्यूस्कॅनमध्येही. या स्कॅनरची फोकसची खोली मुळातच तुटपुंजी, त्यामुळे बाक सगळ्यात जास्त यांनाच जाणवतो. सॉफ्टवेअर फोकसचा आकडा दाखवत असेल तर मध्यावरचा आणि कोपऱ्यावरचा असे दोन आकडे घ्या आणि त्यांची सरासरी हाताने टाका. सपाट निरभ्र आकाशावर ऑटोफोकस अडखळतो, तेव्हा बिंदू जवळच्या एखाद्या झाडाच्या कडेवर सरकवा. मिनोल्टाच्या ५४०० मध्ये तर हाताने फिरवायची फोकसची चकतीच होती.

पण सरासरीचा नियम आंधळेपणाने लावू नका. चित्रात काय आहे ते बघा. एकट्या माणसाचा चेहरा मध्यावर आणि बाकी सगळी धुक्यातली झाडं असतील, तर चेहऱ्यावरच फोकस करा. रांगेत उभ्या चौदा माणसांच्या फोटोत मात्र प्रत्येकाला आपापली आत्या असते.

स्लाइडला जरा दम घेऊ द्या

प्रोजेक्टरवर स्लाइड टाकली की दोन-तीन सेकंदांत ती 'टक्' करून उलटी फुगायची आणि चित्र फोकसमधून जायचं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. उष्णतेने फिल्म आपली बाजू बदलते. एलईडीच्या पॅनेलवर इतकं नाट्य होत नाही, तरी थंड कपाटातून काढलेली स्लाइड उजेडावर ठेवल्यावर पहिला मिनिटभर सावकाश सरकत असते. आधी फोकस आणि मग दीड-दोन मिनिटांचा स्कॅन असं केलं तर स्कॅन संपेपर्यंत फोकस हुकलेला असतो. म्हणून पॅनेल दहा मिनिटं आधी लावून ठेवा, खोका खोलीत तासभर आधी आणून ठेवा, आणि स्लाइड होल्डरमध्ये घातल्यावर मिनिटभर थांबून मगच फोकस करा. मी पुढची स्लाइड आधीच्या स्लाइडचा स्कॅन चालू असताना पॅनेलच्या कडेला ठेवतो.

पट्टी सपाट करायचे साधे उपाय

निगेटिव्हची पट्टी असेल तर आधी वजन. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या स्वच्छ स्लीव्हमध्ये घालून दोन सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा आणि वर जाड पुस्तकांची चळत. दोन दिवसांत फारसं काही होत नाही. दोन आठवड्यांनी फरक दिसतो. लांबीतला बाक यात चांगला उतरतो, रुंदीतला कमी.

इमल्शन बाहेर ठेवून उलट गुंडाळायची युक्ती नव्या, लवचिक फिल्मवर चालते. पन्नास वर्षांच्या फिल्मवर करू नका, जिलेटिनला चिरा जातात. इस्त्री आणि हेअर ड्रायरची नावंही काढू नका. सिलिका जेलच्या पुड्या बुरशीसाठी चांगल्या, पण त्यांच्यासोबत महिनाभर बंद राहिलेली फिल्म डब्यातून निघते ती आणखी वळलेली. स्कॅनच्या आठ दिवस आधी पुड्या काढून घ्या.

होल्डरच्या बाबतीत एक तत्त्व कळलं की सगळे होल्डर कळतात. पातळ पुठ्ठा हातात धरला तर लवतो. तोच एका दिशेने थोडा वाकवला तर दुसऱ्या दिशेला ताठ राहतो. घराच्या पन्हळी पत्र्याचं तेच गुपित आहे. फिल्मला मुद्दाम लांबीच्या दिशेने हलकी कमान दिली तर रुंदीतला बाक आपोआप मोडतो. इमाकॉनच्या आणि पुढे हॅसेलब्लॅडच्या फ्लेक्सटाइट स्कॅनरमध्ये हेच केलं आहे: फिल्म कमानीत वाकवतात आणि एका वेळी एकच आडवी रेघ वाचतात. ती रेघ पूर्ण सरळ असते, आणि काचेची गरजच उरत नाही. व्हॅलॉयच्या होल्डरमध्ये पट्टी नागमोडी वाटेने ओढली जाते, त्यामागेही हाच विचार. कूलस्कॅन वापरणाऱ्यांनी मोटरने पट्टी आत ओढणाऱ्या अडॅप्टरऐवजी एफएच-३ हा हाताने बंद करायचा होल्डर मिळवावा. तो दोन्ही कडा पूर्ण लांबीभर दाबून धरतो. वळलेल्या पट्टीला त्याने पुष्कळ फरक पडतो.

काच: कुठल्या बाजूला आणि का

एवढं करूनही कोपरे येत नसतील तर काच. आणि काच आली की न्यूटनची वलयं आली: पाण्यावर तेल सांडल्यासारखी रंगीत कडी. दोन गुळगुळीत पृष्ठं जवळजवळ टेकली, की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे ती दिसतात. फिल्मची पाठ आरशासारखी गुळगुळीत, इमल्शनची बाजू किंचित खरखरीत. म्हणून वलयं मुख्यतः पाठीकडून येतात.

आता आधी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. फिल्म पाठीच्या बाजूला फुगते. म्हणजे दाबायची गरज पाठीकडून आहे आणि वलयांचा धोकाही पाठीकडूनच. उपाय एकच: पाठीला ॲँटी-न्यूटन काच, आणि इमल्शनच्या बाजूला काचच नको, नुसती चौकट. ॲँटी-न्यूटन काचेच्या एका बाजूला डोळ्याला जेमतेम जाणवेल असा मॅट पोत असतो, त्यामुळे फिल्म सलग टेकत नाही आणि वलयं बनत नाहीत. मॅट बाजू फिल्मकडे करायची.

कॅमेरा वर आणि उजेड खाली अशी मांडणी असेल तर रचना अशी बसते: खाली पॅनेल, त्यावर थोड्या अंतरावर ॲँटी-न्यूटन काच मॅट बाजू वर करून, तिच्यावर फिल्म पाठ खाली आणि इमल्शन वर करून, आणि सगळ्यात वर धातूची किंवा जाड काळ्या पुठ्ठ्याची चौकट, जी कडा खाली दाबेल. फुगवटा काचेवर टेकतो, चौकट कडांना खाली आणते, फिल्म सपाट. लेन्स आणि इमल्शन यांच्या मध्ये काहीच येत नाही, हा मोठा फायदा. चित्र उलटं, आरशातल्यासारखं येतं. ते सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकने सुलटं करा. इमल्शन कुठलं ते ओळखायला फिल्म तिरकी धरा: मंद दिसते ती बाजू इमल्शनची. पाठीकडून बघताना अक्षरं सुलटी वाचता येतात.

फोटोफ्रेमच्या दुकानात मिळणारी न चमकणारी काच स्वस्त पडते म्हणून मी आणली होती. तिचा पोत जाडा, तो आकाशाच्या सपाट निळ्यात रवाळ होऊन उतरला. पैसे गेले.

दोन काचांमध्ये दाबायची वेळ आलीच तर मोजून ठेवा: काचांची चार पृष्ठं आणि फिल्मची दोन, अशी सहा ठिकाणं धुळीला मिळतात. प्रत्येक फ्रेमला सहाही बाजूंवर ब्लोअर मारावा लागतो. काळ्यापांढऱ्या चांदीच्या फिल्मवर आणि कोडॅकच्या कोडाक्रोम या स्लाइड फिल्मवर इन्फ्रारेडवाली धूळ-सफाई धड चालत नाही, तेव्हा तिथला प्रत्येक कण नंतर हाताने टिपावा लागेल हे धरून चाला. आणि पावसाळ्यात इमल्शनला काच लावून फिल्म रात्रभर ठेवू नका. सकाळी चित्राचा थर काचेला चिकटलेला असू शकतो.

द्रवात बुडवून स्कॅन करायची पद्धत आहे, ड्रम स्कॅनरवाले तीच वापरत. त्याने वलयंही जातात आणि ओरखडेही भरून निघतात. पण ते द्रव ज्वलनशील, वास उग्र. एखाद्या प्रदर्शनाच्या फ्रेमसाठी ठीक. घरच्या हजार स्लाइडसाठी मी कुणाला सांगणार नाही.

माउंट फोडताना

पुठ्ठ्याच्या माउंटमधली हट्टी स्लाइड सपाट करायची तर ती बाहेरच काढावी लागते. माउंट उष्णतेने चिकटवलेला असतो. आधी त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कारण कोडॅकच्या माउंटवर धुलाईचा महिना आणि वर्ष छापलेलं किंवा ठसवलेलं असतं, शिवाय फ्रेमचा क्रमांक, आणि बऱ्याचदा कुणाचं तरी पेन्सिलीतलं अक्षर. मग माउंटच्या मधल्या खिडकीपासून, म्हणजे चित्र दिसतं त्या भागापासून लांब, बाहेरच्या कडेने सर्जिकल ब्लेडचं टोक दोन थरांच्या मध्ये सारा आणि कडेकडेने फिरवत पुस्तकासारखं उघडा. ब्लेड आतल्या बाजूला रोखू नका. फिल्म सुती मोज्यांनी, फक्त छिद्रांच्या पट्टीला धरून उचला.

ती गेपे कंपनीच्या काचेच्या माउंटमध्ये घाला. मॅट काचेचा अर्धा भाग फिल्मच्या चकचकीत पाठीकडे. हे माउंट जाड असतात, त्यामुळे पातळ पुठ्ठ्याच्या हिशोबाने लावलेला फोकस इथे चालणार नाही, नव्याने करा. स्कॅन झाला की फिल्म पुन्हा बिनकाचेच्या माउंटमध्ये ठेवा. मुंबई-कोकणाच्या हवेत काचेत कोंडलेल्या फिल्मला आतल्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे फुटतात.

फ्लॅटबेड असेल तर

एप्सनच्या व्ही ६०० पासून व्ही ८५० पर्यंतच्या फ्लॅटबेडना (कागदांसाठीच्या सपाट काचेच्या स्कॅनरना) आणि प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्मला फोकस हलवताच येत नाही, तो कारखान्यातून पक्का करून येतो. प्लस्टेकवर तुमच्या हातात फिल्म सपाट करण्यापलीकडे काही नाही. फ्लॅटबेडवर मात्र फिल्मची उंची तुमच्या हातात असते. व्ही ७०० च्या होल्डरचे पाय फिरवून २.५, ३ किंवा ३.५ मिमी अशी उंची मिळते; ८०० आणि ८५० मध्ये पाच टप्पे आहेत आणि होल्डरमध्ये ॲँटी-न्यूटन पट्ट्याही आहेत. व्ही ६०० च्या होल्डरला अशी सोय नाही.

तुमच्या यंत्राचा फोकस नेमका किती उंचीवर आहे ते असं शोधा. कंपासपेटीतली १५ सेंमीची पारदर्शक पट्टी घ्या. तिच्या खालच्या बाजूला नको असलेली, ठळक ग्रेनची निगेटिव्ह ताणून चिकटवा. पट्टीचं शून्याचं टोक स्कॅनरच्या काचेवर टेकवा आणि १५ चं टोक कार्डांची चळत लावून बरोबर ६ मिमी उचला. आता दर अडीच सेंमीला उंची १ मिमीने वाढते. पट्टी स्कॅनचं डोकं सरकतं त्याच दिशेने, मधोमध ठेवा. काचेच्या वरच्या टोकाची, स्कॅनर स्वतःचा उजेड जुळवून घेतो ती कॅलिब्रेशनची जागा झाकू नका. फिल्म मोडमध्ये, होल्डरसाठीचा पर्याय निवडून पूर्ण रिझोल्यूशनला स्कॅन करा. हा पर्याय महत्त्वाचा आहे, कारण व्ही ७०० आणि त्यापुढच्या यंत्रांत दोन लेन्स असतात: एक काचेच्या पृष्ठावर रोखलेली, दुसरी होल्डरच्या उंचीवर. स्कॅनमध्ये ग्रेन सगळ्यात टोकदार जिथे दिसेल तिथला सेंमीचा आकडा वाचा. ८ सेंमीवर असेल तर उंची ३.२ मिमी.

मग होल्डरच्या पायांखाली कागदाच्या चौकोनी तुकड्यांचे थर लावून फिल्म त्या उंचीला आणा. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिमी. बाक असलेल्या पट्टीसाठी फुगवट्याचं टोक आणि कडा यांच्या मधली उंची त्या आकड्यावर यायला हवी. वरचाच सरासरीचा हिशोब. वाईट वळलेल्या १२० च्या जुन्या इंदू कंपनीच्या फिल्म, आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेल्या, मी याच पद्धतीने वरून ॲँटी-न्यूटन काचेचा तुकडा ठेवून केल्या. चौरस मोठी फ्रेम असल्यामुळे रिझोल्यूशनची फारशी ओढाताण होत नाही आणि फ्लॅटबेड पुरतो.

शेवटचा उपाय: थर जोडणं

माउंट फोडायचा नाही, काच लावायची नाही, तरी कडेपर्यंत ग्रेन हवा, अशा फ्रेमसाठी वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून एकत्र करतात. कॅमेरा मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स पक्का. रेलवर मध्य आणि कोपरा यांतलं अंतर ०.५ मिमी आलं असेल तर ०.१५ मिमीच्या टप्प्याने चार-पाच फोटो पुरतात. फोटोशॉपच्या थर जुळवणीने, हेलिकॉन फोकसने किंवा फुकट हवं तर हगिनसोबत येणाऱ्या एनफ्यूजने ते जुळवा. जास्त फोटो काढले म्हणून जास्त चांगलं येत नाही. उलट जोडाच्या ठिकाणी ग्रेनचा पोत ठिगळासारखा दिसू लागतो. माझ्या सगळ्या संग्रहात अशा अकरा फ्रेम निघाल्या.

हात लावायच्या आधी वास घ्या

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ॲसिटेट विघटित व्हायला लागलं आहे. अशी फिल्म आक्रसते, तिच्यावर नाल्या पडतात, आणि दाबून सपाट करायला गेलात तर इमल्शन पापुद्र्यासारखं सुटतं. तिला वजनही नको आणि काचही नको. बाकीच्या फिल्मपासून वेगळी ठेवा, आहे त्या आकारात कमी फोकसच्या स्कॅनवर समाधान माना. आणि पन्नासच्या दशकाआधीची एखादी ३५ मिमी पट्टी हाती लागली, कडेवर 'सेफ्टी' असं छापलेलं दिसलं नाही, तर ती नायट्रेटची, म्हणजे भडकन पेट घेणारी, असू शकते. ती तापणाऱ्या दिव्याजवळ नेऊच नका. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांची रिळं गेली ती गेलीच.

आत्याच्या स्लाइडचा बाक ०.५५ मिमी निघाला. फोकस सत्तर टक्क्यांवर नेऊन ती ओळखू यायला लागली, पण काठ काही उमटेना, म्हणून शेवटी माउंट फोडला. कडेला 'मे ७६' असा ठसा होता. घरात सगळे आजवर तो फोटो ७५ च्या लग्नातला म्हणत होते. काचेत घातल्यावर काठ दिसला. कोयऱ्या आहेत.